पिवळ्या पट्ट्याची झाडं

१

लाकूड चोरीला गेलं होतं आणि फिर्याद एका संगणकानं केली होती. माझं डोकं फिरलं ते इथंच.

वन खात्याच्या मुख्य कचेरीत तपासनीस म्हणून मी अर्धं आयुष्य काढलं. वखारवाल्यांच्या फिर्यादी ऐकल्या, एकदा तर एका चोरानं दुसऱ्या चोराची केलेली फिर्यादही लिहून घेतली. पण फिर्यादीला उलट प्रश्नच विचारता येत नाही, अशी वेळ पहिल्यांदाच आली होती.

"त्याला काय विचारायचंय?" विभागाचे साहेब म्हणाले. "प्रोग्राम खोटं बोलत नाही."

साहेबांची खोली जंगलाच्या ऐन तोंडाशी होती, पण खिडकीचा पडदा ओढलेला, का तर उजेडानं पडदा नीट दिसत नाही. हा दुसरा पडदा म्हणजे भिंतीवरचा, संगणकाचा. त्यावर अख्खं जंगल रंगीत तुकड्यांत मांडलं होतं. कुठला तुकडा कधी लावला, त्याची माती कशी, झाडं किती जाड, हे प्रोग्रामला सांगितलं की तो जंगलाची पुढची शंभर वर्षं जगून दाखवायचा. झाडं वाढवायचा, तोडायचा, परत लावायचा, आणि दरवर्षी किती लाकूड काढलं तर नातवंडांच्या काळातही तेवढंच निघत राहील, ते सांगायचा. कल्पना चांगली होती. चांगल्या कल्पनांवर माझा राग नसतो, त्यांच्या भक्तांवर असतो.

"ओढ्यापलीकडचा हा तुकडा," साहेबांनी काठी टेकवली. "या लागवडीतली ही पहिलीच तोड. प्रोग्राम जेवढं म्हणाला, त्याच्या पाऊणपटच लाकूड नाक्यावरून बाहेर आलं. उरलेलं कुठं गेलं? जंगलातून बाहेर यायला रस्ता एक, त्यावर नाका एक आणि नाक्यावर माणूस एक. त्याला घरी बसवलाय. तुम्ही फक्त अहवालावर सही करा, म्हणजे प्रकरण पोलिसांकडे देता येईल. आठवड्याअखेर शंभर वर्षांचा आराखडा मंजुरीला जायचाय, त्याआधी हे निस्तरायला हवं."

फक्त सहीपुरतं बोलावलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी विचारलं, "हा प्रोग्राम चालवतं कोण?"

साहेबांनी काठी खाली ठेवली. मघापासून सुरू असलेली त्यांची जीभ पहिल्यांदाच अडखळली.

"नाकेदाराची सख्खी बहीण," ते म्हणाले.

२

नाकेदाराला सगळा मुलूख दादा म्हणायचा. घर नाक्यामागेच होतं, खाली दोन खोल्या आणि वर एक. वरच्या खोलीत बहीण राहायची. तिला कचेरीत सगळे ताई म्हणत, साहेबसुद्धा. लग्न तिनं केलं नव्हतं. आईवडील गेल्यावर दादानं शाळा सोडून नाक्यावर नोकरी धरली होती आणि ताईला शिकवलं होतं. हे मला दादाच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, चहा टाकता टाकता सांगितलं. दादा सांगायला तयार नव्हता. दादा काहीच सांगायला तयार नव्हता.

"लाकूड बाहेर सोडलंत का तुम्ही?" मी विचारलं.

"ज्यानं आरोप केलाय त्याला विचारा."

"आरोप यंत्रानं केलाय."

"मग यंत्राला विचारा."

"तुमच्यावर पोलीस केस होईल. नोकरी जाईल, हे घर जाईल. कळतंय का?"

"कळतंय की." तो खिडकीतून नाक्याच्या आडव्या दांड्याकडे बघत बसला. तिथं नवीन माणूस उभा होता आणि दांडा वर करताना दरवेळी स्वतःच्याच डोक्यावर आपटून घेत होता. दादाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. अशा माणसाला वाचवायचं तरी कसं? निरपराध माणसंच तपासाला सगळ्यात जास्त त्रास देतात, गुन्हेगार निदान चार वाक्यं तरी बोलतो.

वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या. "दोघांनी बोलणं टाकलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एका घरात राहतात, एका ताटलीतली भाकरी मोडतात आणि एकमेकांचे निरोप माझ्याकडे देतात. मी दोघांची टपालवाली झालेय."

"ताईंना खरंच वाटतं का, दादांनी चोरी केली म्हणून?"

"वन्सं बोलतात कुठं? नोकरीला लागल्या होत्या ना, तेव्हा कुठलंसं नंबरचं झाड वेलीच्या ओझ्यानं मोडलं म्हणून दोन घास खाल्ले नव्हते त्यांनी. झाडासाठी उपाशी राहिली ही बाई. सख्ख्या भावासाठी एक शब्द नाही." वहिनींनी दाराला हात टेकला. "मला राग येतो हो त्यांचा. आणि कीवही येते."

मलाही राग आला होता. पण माझा राग अजून कुणावर ठरला नव्हता.

३

वखारवाला भेटला तो तक्रारींचं गाठोडं सोडूनच. वखारीत करवतीचा आवाज इतका होता की तो ओरडून बोलायचा, आणि आवाज थांबल्यावरही ओरडतच राहायचा.

"बारीक माल येतोय, मॅडम. नुसता बारीक. यांच्या आराखड्यावर विसंबून मी दुसरी करवत बसवतोय, जाड ओंडक्यांची. आणि हातात काय पडतंय? काठ्या."

"ओंडके कमी आले की बारीक आले?"

"कमी? नग तर ढीगभर आले. अंगात काही नाही."

मी बाहेर पडले ती हुरूपानंच. ओंडके पुरेसे आले, पण बारीक आले. म्हणजे वाटेत अदलाबदल झाली असणार. जाड ओंडका गुपचूप उतरवायचा, त्या जागी बारीक चढवायचा, नग तेवढेच. पण अशी अदलाबदल नाकेदाराला सामील करून घेतल्याशिवाय होत नाही. माझा हुरूप कचेरीच्या पायऱ्यांपर्यंतसुद्धा टिकला नाही.

ताईची खोली कचेरीच्या टोकाला होती. पंखा बंद, कारण त्यानं नकाशे उडत. ती चाळिशी ओलांडलेली, सडपातळ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली बाई होती. मी खुर्ची ओढून बसले.

"तुमच्या प्रोग्रामला प्रत्येक झाड माहीत असतं?"

"नाही. जंगलात ठिकठिकाणी आम्ही मोजणीचे गोल आखलेत. गोलातल्या प्रत्येक झाडावर नंबर आणि पिवळा पट्टा. ठरावीक वर्षांनी तीच झाडं परत मोजायची. ती किती वाढली, त्यावरून बाकीचं जंगल किती वाढलं ते प्रोग्राम काढतो."

"म्हणजे भाताचं शीत."

"तसंच."

"आणि शीत चुकलं तर?"

"मलाही तीच शंका आली." ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलली. "तोड झाल्यावर मी मोजणीची माणसं त्याच गोलांवर परत पाठवली. झाड तोडलं तरी जमिनीत खुंट राहतो ना? ते खुंट मोजून घेतले. आकडे तंतोतंत जुळले. प्रोग्राम म्हणाला तेवढी जाड झाडं तिथं उभी होती, मॅडम. मी चूक माझीच निघावी म्हणून शोधत होते."

जाड झाडं उभी होती. बाहेर बारीक ओंडके आले. मधे फक्त एक माणूस.

"दादांनी केलं असं तुम्हाला वाटतं?"

तिनं चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"मला काय वाटतं ते प्रोग्राममध्ये भरता येत नाही," ती म्हणाली. "उद्या सही करायची असेल तर करा. मी अडवणार नाही."

४

सही करण्याआधी जागा बघायची हा माझा नेम. साहेबांना तो आवडला नाही, गुडघ्यांना तर मुळीच नाही. सोबत मुकादम दिला होता. विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडं काढून उरलेल्यांना जागा करून देणं, वेली कापणं, तोड करणं, ही सगळी कामं त्याच्या टोळीची. जंगलात त्याच्यापेक्षा जुनं फक्त जंगलच होतं.

ओढ्यापलीकडचा तुकडा उघडाबोडका झाला होता. सगळीकडे खुंट, फांद्या, काटेरी झुडपं. मुकादम मला एका पायवाटेनं सरळ मोजणीच्या गोलात घेऊन गेला. तिथल्या खुंटांच्या बुडाशी पिवळ्या रंगाचे शिंतोडे अजून दिसत होते. मी टेप लावला. ताईचे आकडे बरोबर होते. मी हताश होऊन एका खुंटावर बसकण मारली. बसायला छान, ऐसपैस.

"सही करताय मग?" मुकादमानं विचारलं.

"तुम्हाला घाई का?"

"मला कसली घाई? पण दादा असं करणारा माणूस नाही, एवढं लिहा त्यात."

"माणूस कसा आहे ते लिहायला रकाना नसतो," मी खेकसले. त्याच्यावर नव्हे, पण समोर तोच होता. दादा बोलत नाही, ताई अडवत नाही, साहेबांना घाई, आणि मी ज्या सहीसाठी आले नव्हते तीच करून परत जाणार. माझं मलाच सहन होईना. मी उठले आणि पायवाट सोडून तरातरा चालू लागले, कुठं ते न बघता.

"मॅडम, तिकडं वाट नाही," मुकादम मागून म्हणाला.

"मला वाट नकोच आहे."

राग गुडघ्यांपेक्षा लवकर संपत नाही, गुडघेच आधी संपतात. काट्यांमधून बरंच आत गेल्यावर माझा दम गेला. मी जवळचा एक खुंट बघितला, त्यावर बसले, आणि दाणकन जमिनीवर आपटले.

खुंट मोडला नव्हता. मी त्यावर मावलेच नव्हते.

५

माझा आकार मला नीट माहीत आहे. मघाच्या खुंटावर मी मांडी घालून बसू शकले असते. या खुंटावर माझी पर्ससुद्धा नीट राहिली नसती.

मी उठले, दुसऱ्या खुंटावर बसून पाहिलं. मग तिसऱ्या. मुकादम धापा टाकत पोचला तेव्हा मुख्य कचेरीची तपासनीस बाई काट्याकुट्यांतून या खुंटावरून त्या खुंटावर बसत चालली होती. तो जागीच उभा राहिला. त्याला बहुतेक वाटलं, मला ऊन लागलं.

"पाणी देऊ का?" त्यानं जपून विचारलं.

"टेप द्या."

ऊन कलेपर्यंत मी त्याला तुकडाभर हिंडवलं. जिथं पिवळे शिंतोडे, तिथले खुंट जाड. जिथं शिंतोडे नाहीत, तिथले सगळेच बारीक, वखारवाल्याच्या तक्रारीइतके बारीक. खुंट जमिनीत रुतलेले असतात. ते कुणी गाडीत घालून बदलत नाही. म्हणजे ओंडक्यांची अदलाबदल झालीच नव्हती. जंगलात जे होतं तेच नाक्यावरून गेलं होतं. चोरीला गेलेलं लाकूड मुळात उगवलंच नव्हतं.

दादा सुटला होता. पण साहेब मला एकच विचारणार, हे मला माहीत होतं. एकाच मातीत, एकाच दिवशी लावलेली झाडं गोलात जाड आणि गोलाबाहेर बारीक, ही जादू कुणी केली? त्याचं उत्तर नसेल तर माझ्या खुंटांना कुणी विचारणार नव्हतं.

"शेजारच्या उभ्या तुकड्यात मोजणीचा गोल आहे?" मी विचारलं.

"आहे की. चला, सावलीत तरी बसाल."

उभ्या तुकड्यात जाताना माझी साडी दहा ठिकाणी अडकली. झाडं एकमेकांच्या अंगावर रेललेली, वेलींनी गळ्यापर्यंत बांधलेली. आणि मग एकदम मोकळं. पिवळ्या पट्ट्यांची झाडं ऐटीत अंतर ठेवून उभी होती. एक वेल नाही, खाली एक काटा नाही. कुणी नुकतंच आवरून गेल्यासारखं होतं.

"इथं किती छान ठेवलंय तुम्ही," मी म्हणाले. मी मुद्दाम गोड बोलले. ते मला क्वचितच जमतं.

मुकादम फुलला. "नंबरची झाडं आहेत ना ही. माझ्या टोळीला सक्त ताकीद आहे, विरळणी इथून सुरू करायची. पट्ट्याच्या झाडाला खेटून काही उभं राहू द्यायचं नाही, वेल चढू द्यायची नाही. बाकी जंगलात माणसं पुरत नाहीत, वरवर करून पुढं जातो. पण हे गोल म्हणजे पाहुण्यांची खोली. कचेरीतली माणसं येतात ती इथंच येतात. इथं पसारा दिसला तर काय म्हणतील?"

तो अभिमानानं सांगत होता. त्यानं काही लपवलं नव्हतं, कारण यात लपवण्यासारखं काही आहे हेच त्याला माहीत नव्हतं. तोडीनंतर खुंट मोजायला माणसं गेली तीही अशाच खोलीत जाऊन, खोली स्वच्छ आहे असं सांगून परत आली होती.

"हे कधीपासून?"

"खूप वर्षं झाली. झाडं पोरवयाची होती."

"आणि ताकीद कुणी दिली होती? साहेबांनी?"

"छे. साहेब तेव्हा कुठं होते?" मुकादम हसला. "ताईंनी. नवीन लागल्या होत्या. एक नंबरचं झाड मोडलं तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या होत्या, मामा, यांना जिवापाड जपा."

६

ताईला सांगताना मी सावकाश बोलायचं ठरवलं होतं. जमलं नाही. मी दार उघडलं आणि म्हणाले, "तुमचे गोल जंगलासारखे नाहीत. ते जपलेले आहेत."

मुकादमाचं नाव काढताच तिचा हात माउसवरून बाजूला झाला. ही बाई हुशार होती. तिला दोन वाक्यांत सगळं कळलं आणि तिसरं मला बोलावंच लागलं नाही.

"मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "झाड मोडलं की त्याची ओळ तुटते. मागची सगळी मापं वाया जातात. मला ती तुटू द्यायची नव्हती." मग पडद्यावरच्या नकाशाकडे बघत, "मी खात्री करायलाही तिथंच माणसं पाठवली. कारण जंगलात दुसरी कुठली जागा मला ओळखीचीच नाही."

मी गोलाबाहेरच्या खुंटांची मापं तिच्यापुढं ठेवली. तिनं ती भरली. पडद्यावर पुन्हा शंभर वर्षं सुरू झाली, झाडं वाढली, तुटली, लागली. ओढ्यापलीकडच्या तुकड्याचा आकडा आला तो जवळपास दादाच्या नाक्यावरून गेला तेवढाच. पण तो तुकडा एकटा नव्हता. सगळ्याच तुकड्यांचं अंग उतरलं. दरवर्षी तेवढंच लाकूड देणारी सरळ रेघ काही दशकांतच वाकली आणि खाली गेली. ठरल्याप्रमाणे तोडत गेलो तर ताईच्या म्हातारपणीच जंगल रिकामं होणार होतं.

ताईनं साहेबांना बोलावून घेतलं. त्यांनी रेघ बघितली आणि ते खुर्चीत मागं रेलले.

"पुन्हा काढा."

"दोनदा काढलंय," ताई म्हणाली.

"वखारवाल्याला मी काय सांगू? त्याची करवत येऊन पडलीय." ते माझ्याकडे वळले. "मॅडम, एक बोलू? चोरी असेल तर एक माणूस जातो. तुमचं खरं धरलं तर अख्खा आराखडा जातो."

"म्हणून माणूस घालवायचा?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तुम्ही तसंच म्हटलंत," मी म्हणाले. माझा राग शेवटी कुणावर आहे ते मला सापडलं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना सरळ रेघ हवी होती, आणि एक नाकेदार तिच्यापेक्षा स्वस्त पडत होता.

ताईनं कोरा कागद ओढला. गोलांतली झाडं माझ्या सूचनेवरून जपली गेली, त्यामुळं प्रोग्रामला मी दिलेली वाढ चुकीची आहे, आराखडा मागं घ्यावा, नाकेदारावरचा आरोप निराधार आहे, असं तिनं लिहिलं आणि खाली सही केली. सही करताना तिचा हात थांबला नाही. साहेब म्हणाले, "ताई, याचा तुमच्या बढतीवर परिणाम होईल." ती म्हणाली, "होऊ दे."

दादाला कामावर परत घेण्याचा हुकूम त्यांना द्यावाच लागला. आराखड्याचं काय करायचं ते वरचे बघतील, असं ते म्हणाले. वरचे काय बघतात ते मला चांगलं माहीत आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

७

हुकूम मी स्वतःच नेऊन दिला. ताई माझ्याबरोबर आली.

दादा स्वयंपाकघरात बसला होता. वहिनी भांडी विसळत होत्या. मी हुकूम त्याच्यापुढं ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. मी संपवल्यावर वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि नळ तसाच वाहत राहिला.

ताई दारातच उभी होती. "दादा, माझी चूक झाली," ती म्हणाली. "मला वाटलं होतं ती झाडं जपली म्हणजे माझं काम नीट होईल."

"त्याचं मला काही नाही," दादा म्हणाला. मला वाटलं विषय संपला. पण तो पुढं बोलला, आणि तो बोलायला लागल्यावर कळलं की एवढे दिवस तो गप्प का होता. "हिशेब माणसाचा चुकतो, यंत्राचा चुकतो. तू वरच्या खोलीत, मी खालच्या. जिना उतरून एकदा तरी यायचंस. समोर उभं राहून विचारायचंस, दादा, तू घेतलंस का? एवढंसुद्धा केलं नाहीस. साहेबानं विचारलं, मॅडमनं विचारलं, नाक्यावरच्या ड्रायव्हरनंही विचारलं. तू नाही."

"भीती वाटली."

"कसली?"

"तू हो म्हणशील म्हणून."

वहिनींनी नळ बंद केला. मला तिथून निघून जायचं होतं, पण दार ताईनं अडवलेलं होतं. दादा टेबलाकडे बघत होता. त्याचा जबडा हलत होता. तो चिडला होता की रडणार होता ते मला आजही सांगता येणार नाही. तपासात इतकी वर्षं काढूनसुद्धा मला कळलं नाही.

"आता विचार," तो शेवटी म्हणाला.

"दादा, आता कशाला—"

"विचार म्हणतोय ना."

ती आत आली. त्याच्यासमोर उभी राहिली, शाळेत फळ्यासमोर उभं राहावं तशी.

"दादा, तू लाकूड घेतलंस का?"

"नाही," दादा म्हणाला.